मूठ सुटेना

प्रणाली तांबारेचे हात लहान होते. लग्नात बांगड्या भरताना कासारीण म्हणाली होती, "अगं बाई, लेकराच्या मापाच्या आणायला हव्या होत्या की!" तेव्हा बायका हसल्या, तीही हसली. पुढे पोलीस उपनिरीक्षक झाल्यावर त्याच हातांनी तिला रडकुंडीला आणलं.

खात्याचं पिस्तूल मोठ्या पंजाच्या माणसासाठी घडवलेलं. त्याच्या मुठीभोवती तिची बोटं पुरी वळत नसत. तर्जनी चापापर्यंत पोचायची, पण टोकानं. मग चाप ओढायला सगळाच पंजा वळवावा लागे, नळी हलायची आणि गोळी डावीकडे, खाली जायची. दरवर्षीच्या गोळीबार चाचणीत ती जेमतेम पास व्हायची. टोमण्यांचं तिला फारसं वाटत नसे. भीती वेगळीच होती. एखाद्या दिवशी खरोखरच कुणाचा जीव वाचवायची वेळ येईल आणि आपला हात उणा पडेल, या विचारानं ती कासावीस व्हायची.

म्हणून २०४१ च्या पावसाळ्यात 'सहज' आली, तेव्हा चाचणीसाठी पहिलं नाव तिनं दिलं.

'सहज' म्हणजे पिस्तुलाची नवी मूठ. ती घेऊन आलेले डॉ. सबनीस पन्नाशीचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. भिवरापूरच्या पोलीस मैदानावर बारा जणांना समोर बसवून त्यांनी समजावलं. "इतकी वर्षं आपण माणसाला पिस्तुलाच्या मापाचं करत आलो. आता उलट करू. धरा."

प्रणालीनं धरली. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली. मग बोटांखाली काहीतरी सरकलं, खळगे पडले, उंचवटे आले आणि क्षणात ती दगडासारखी घट्ट झाली. जणू तिच्याच हाताचा साचा. आत तेल होतं आणि तेलात पिठाहून बारीक लोखंडाची भुकटी. चुंबकाचा प्रभाव सुरू झाला की कण साखळ्या धरतात आणि तेल घट्ट होतं. तो प्रभाव किती आणि कुठे द्यायचा, हे मुठीच्या सालीखालचे संवेदक ठरवत. तळव्याचा दाब, हाताचा कंप, स्नायूंत खेळणारी वीज, सगळं ते वाचत.

"बोट हलायच्या आधी स्नायूंत विजेची एक बारीक लहर येते," सबनीस म्हणाले. "ही मूठ रोजच्या सरावातून तुमची लहर ओळखायला शिकते. लहर आली की पुढचं काम आतली मोटर करते. तुमचं बोट चापावर नुसतं टेकलेलं असलं की पुरे. मनात आलं की झालं!"

पंधरा दिवसांत प्रणालीच्या गोळ्या तळव्याएवढ्या जागेत बसू लागल्या. तिच्या तुकडीतला इलियास पठाण, दाराएवढा धिप्पाड उपनिरीक्षक, निशाणपाटीजवळ जाऊन बघून आला आणि ओरडला, "ही बया आता आपल्याला पाणी पाजणार!" त्या संध्याकाळी तिनं घरी जिलबी नेली. नवरा सुहास रोपवाटिका चालवायचा. मातीनं भरलेले हात न धुताच त्यानं जिलबी उचलली आणि म्हणाला, "बघ, हात लहान असला म्हणून काही अडत नाही."

रोज सकाळी तासभर सराव चालला. पावसाळा सरला, ऊस तोडणीला आला.

जानेवारीत साखर कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगेवरून ऊसतोड मजुरांच्या दोन टोळ्या भिडल्या. भर दुपार होती. प्रणाली, इलियास आणि चार शिपाई पोचले तेव्हा काठ्या चालल्या होत्या. अचानक दोन ट्रॉल्यांच्या मधून एक विशीतला पोरगा कोयता उगारून तिच्या समोर आला. अंकुश ढाकणे त्याचं नाव, हे तिला नंतर कळलं.

"टाक खाली!" ती ओरडली. पिस्तूल हातात आलं होतं.

पोरानं तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. तिनं त्याची बोटं उलगडताना पाहिली, अगदी स्वच्छ पाहिली. टाकतोय हा, तिच्या मनानं म्हटलं. थांब.

आणि गोळी सुटली.

कोयता जमिनीवर आपटल्याचा आवाज आणि गोळीचा आवाज एकमेकांत मिसळले. अंकुश खांदा धरून कोसळला. भांडण जागच्या जागी थिजलं.

वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. अधीक्षक वसुधा रणनवरे मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. सगळे म्हणत होते की तो अंगावर आला, मग तिच्याही जबाबात तेच उतरलं. अंकुशवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदला गेला. फक्त इलियासजवळ ती एकदा बोलली, "मी गोळी झाडली नाही रे."

"मग काय माझ्या आजीनं झाडली?" तो हसला. तिचा चेहरा पाहून मग गंभीर झाला. "प्रणाली, कोयता होता त्याच्या हातात. इतका विचार नको करूस. हात आपलं काम करतो."

ते शेवटचं वाक्य तिच्या मनातून हलेना.

मग घरी एकेक घडू लागलं. गरम तव्यावर पाल पडली, ती झटकावी असा विचार मनात येतो न येतो तोच उघड्या हाताचा फटका तव्यावर बसला होता. दारावरची कडी वाजली की हात कमरेकडे जाई. सुहासनं मागून खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. दोघं हसली, पण सुहासचं हसू अर्धंच होतं.

एका रविवारी ती भजी तळत होती. सात वर्षांची मनू कढईकडे हात नेत म्हणाली, "आई, हे बघ, हे कसं फुगलं!" प्रणालीनं तिचं मनगट पकडलं. एवढं बरोबरच होतं. पण पुढे हात थांबेना. "आई, सोड! आई, दुखतंय!" मनू किंचाळत होती, प्रणालीला ते ऐकू येत होतं, ती मनात सोड, सोड म्हणत होती आणि हात पिळत चालला होता. काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला.

प्लास्टर घातलेली मनू सुहासच्या मांडीवर झोपली, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "ती सोड म्हणत होती गं."

"मी थांबले होते, सुहास. शपथ. हात थांबला नाही."

सुहासनं तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. अनोळखी कुत्र्याकडे बघतात तसं ते बघणं होतं. "काही दिवस आक्काकडे राहतो आम्ही," तो म्हणाला. "तू दाखव कुणाला तरी."

जाताना मनूनं बापाच्या खांद्यावरून तिला टाटा केला. प्रणालीनं उजवा हात वर केलाच नाही.

कुणाला दाखवायचं? ती थेट सबनीसांकडे गेली, पुण्याला. त्यांनी चहा मागवला. तिनं कारखान्यातली हकीकत सांगितली तशी ते समजुतीनं म्हणाले, "हे बघा, मूठ आपल्या मनानं गोळी झाडत नाही. तुमच्या स्नायूंत लहर आली म्हणूनच ती सुटली."

"मी घाबरले होते, लहर आली असेल. पण मी ती परतवली होती, सर. साध्या पिस्तुलातून गोळी सुटली नसती."

सबनीस कपातला चहा ढवळू लागले.

"उठलेला हात परत थांबवायला माणसाला किती वेळ लागतो?"

"फार थोडा. सेकंदाचा पाचवा हिस्सा धरा."

"आणि तुमची मूठ किती वेळ वाचवते?"

सबनीसांनी कप खाली ठेवला. "तेवढाच," ते म्हणाले. "आमच्या जाहिरातीत पहिली ओळ तीच आहे."

मग तिनं मनूचं सांगितलं. आता मात्र त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी तिला एका पडद्यासमोर बसवलं. हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, लगेच मागोमाग तांबडा लागला तर दाबायचं नाही. शाळकरी पोरंही निम्म्या वेळा थांबतात, असं ते म्हणाले. प्रणाली एकदाही थांबू शकली नाही. तांबडा दिवा तिला दिसत होता. प्रत्येक वेळी दिसत होता.

"मेंदू कंजूष असतो हो," सबनीस स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "सहा महिने रोज सरावात नेम जरा हलला की तुम्ही मनात थांबा म्हणालात, पण गोळी आधीच सुटलेली असायची, त्याचा उपयोग झाला नाही. ज्या शेतात पीक येत नाही तिथं पाणी कोण सोडेल? मेंदूनं तो पाट बुजवायला घेतला." त्यांनी डोळे मिटले. "मी हजार वेळा मूठ तपासली. ती धरून धरून हाताचं काय होतं, ते तपासायचं सुचलंच नाही मला."

"आमच्यातल्या अकरा जणांच्या कमरेला ती अजून आहे, सर."

"महिनाअखेर राज्यभरासाठी करार व्हायचाय," ते पुटपुटले. "मला थोडा वेळ द्या."

वेळ द्यायची तिची तयारी नव्हती. परतताना ती सरकारी दवाखान्यात उतरली. खांद्याला जाड पट्टी बांधलेला अंकुश खाटेवर बसून पेज पीत होता. ती दिसताच त्याच्या हातातला चमचा वाडग्यात पडला. त्याची नजर तिच्या चेहऱ्याकडे गेलीच नाही, ती उजव्या हातावर खिळली. प्रणालीनं हात पाठीमागे नेला.

"म्या टाकला व्हता, मॅडम," तो म्हणाला. "तुमीच म्हनल्या टाक. म्या टाकलाच व्हता की."

"माहीत आहे मला. मी पाहिलं."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. एवढ्या दिवसांत हे कबूल करणारं पहिलंच माणूस, आणि तेही ती! "मंग का मारलं वो?" त्यानं विचारलं. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. लहान मूल विचारतं तसं त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती रणनवरे मॅडमसमोर उभी राहिली. मॅडमनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "जबाब बदललास तर चौकशी तुझीच लागेल. नोकरी जाईल कदाचित."

"मला स्वतःची भीती वाटते, मॅडम. नोकरीचं काय घेऊन बसलात."

मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. "सोमवारी गृहखात्याचे साहेब येतायत, चाचणीचा समारोप बघायला. मला तिथं दाखव. नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही."

सोमवारी सकाळी गोळीबाराच्या बंदिस्त दालनात सगळे जमले. समोर भिंतभर पडदा. त्यावर माणसांच्या चित्रफिती चालत आणि नेमबाजानं ठरवायचं, झाडायची की नाही. मॅडमनी मुद्दाम नव्या फिती करून घेतल्या होत्या. कुणी कोयता घेऊन धावतो, कुणी उगारतो आणि टाकून देतो. बाकीचे अकरा जण कमरेला पिस्तूल लावून भिंतीशी ओळीनं उभे होते. सबनीस कोपऱ्यात बसले होते, रात्रभर झोपले नसावेत.

प्रणालीनं 'सहज' हातात घेतली. माणूस धावून आला, गोळी. माणसानं कोयता टाकला, गोळी. पुन्हा टाकला, पुन्हा गोळी. प्रत्येक वेळी ती मनात थांब म्हणत होती आणि प्रत्येक वेळी छातीच्या मधोमध भोक पडत होतं. गृहखात्याच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"यातल्या किती तुला झाडायच्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

"एकच. बाकीच्यांनी हत्यार टाकलं होतं, मॅडम. मला दिसत होतं."

टाळ्या थांबल्या. साहेब खाकरले. "म्हणजे यंत्रात थोडी गडबड आहे म्हणा. सुधारणा करता येईल. काय डॉक्टर?"

मॅडमनी कमरेचं आपलं साधं पिस्तूल काढलं आणि प्रणालीसमोर धरलं. ते हातात घेताना तिला केवढं बरं वाटलं! तेच जड धूड, तीच न पुरणारी बोटं. आता पंजा वळवावा लागेल, आता वेळ मिळेल. पडद्यावर एक म्हातारा आला. त्यानं कोयता उगारला, थबकला, बोटं उलगडली.

गोळी डावीकडे, खाली गेली. पण गेली.

बिघाड मुठीपुरता राहिला नव्हता, तो तिच्या हातात उतरला होता, हे त्या एका आवाजानं सगळ्यांना सांगितलं. साहेबांच्या हातून फाईल निसटली आणि फरशीवर फाडकन आपटली.

त्यासरशी भिंतीशी अकरा हात कमरेला गेले. दहा तिथंच थबकले. इलियासचं पिस्तूल बाहेर आलं होतं आणि त्याची नळी साहेबांच्या पोटाकडे होती.

इलियास त्या पिस्तुलाकडे असा बघत होता जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे.

"कुणी हलू नका," प्रणाली म्हणाली. आवाज शक्य तितका हळू. हातातलं पिस्तूल तिनं टेबलावर ठेवलं. "बोलू नका. खोकू नका. इलियास, बोट चापावर आहे का?"

"आहे."

"बाहेर काढ."

"निघत नाही." त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "सुटत नाही गं. ही घट्टच होत चाललीय."

"घाबरून तुम्ही आवळताय," सबनीस कुजबुजले, "म्हणून तीही आवळतेय. तिला वाटतंय आता झाडायचंय. बाहेरून बंद करता येत नाही. शत्रूनं बंद करू नये म्हणून ती सोय ठेवलीच नाही मी."

प्रणालीनं उजवा हात पट्ट्यात खोचला, मनगटापर्यंत. तो मध्ये पडायला नको होता. मग ती बाजूनं, एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे गेली. एखादी पाल चुकचुकली तरी माणूस मरणार होता.

"इलियास, माझ्याकडे बघ. साहेबांकडे नको, नळीकडे नको. ट्रेनिंगमध्ये तू दोरावर उलटा लटकला होतास, आठवतं?"

"तू खाली उभी राहून हसत होतीस," तो म्हणाला.

"हसत नव्हते. घाबरले होते. पडला असतास तर माझ्याच अंगावर पडला असतास की."

त्याच्या नाकातून एक श्वास सुटला. मूठ किंचित मऊ झाली, तिनं पाहिलं. तिनं डाव्या हातानं आधी नळी खाली, जमिनीकडे केली. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी, तितकी हळू. मग त्याची करंगळी पकडली आणि उलगडली. मग अनामिका. साच्यातून मूर्ती काढावी तशी बोटं निघत होती आणि प्रत्येक बोटामागे ओला आवाज होत होता.

"आता मधलं," ती म्हणाली. "श्वास सोड. तर्जनी मी धरलीय, तू काही करू नकोस. मनात काहीसुद्धा आणू नकोस."

"भीती वाटतेय गं, प्रणाली."

"मलाही. वाटू दे."

पिस्तूल तिच्या डाव्या हातात आलं. तिनं ते टेबलावर ठेवलं. इलियास भिंतीला टेकून खाली बसला आणि एवढा मोठा गडी पोरासारखा रडू लागला. मग तिनं उरलेल्या दहा जणांना नावानं, एकेकाला बोलावलं. प्रत्येकानं पट्टाच सोडून ठेवला, पिस्तुलाला हात न लावता. सगळं उरकलं तेव्हा ऊन दालनाच्या दारात आलं होतं.

त्याच दुपारी प्रणालीनं नवा जबाब दिला. अंकुशवरचा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा मागे घ्यावा लागला. करार झाला नाही. मोटर कशी सुधारता येईल याच्या बैठका मात्र अजून चालू आहेत, असं सबनीस सांगतात. ते आता मुठींवर काम करत नाहीत. बारा जणांना रोज तांबड्या-हिरव्या दिव्यांसमोर बसवतात. कुणाचा हात कधी सुधारेल, सुधारेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही. प्रणालीची चौकशी सुरू झाली आणि तिला कार्यालयात बसवलं गेलं.

चैत्रात एकदा, दिव्यांसमोर बसलेली असताना, तिचा हात थांबला. पुढच्या वेळी थांबला नाही, मग पुन्हा एकदा थांबला. बाहेर येऊन तिनं सुहासला फोन लावला.

"कसा आहे हात?" त्यानंच विचारलं.

"कधी ऐकतो, कधी नाही. खोटं सांगत नाही, सुहास. मला अजून भीती वाटते."

पलीकडे मनूचा आवाज येत होता, कुणाशी तरी भांडत होती. सुहास म्हणाला, "मलाही वाटते."

प्रणालीनं फोन डाव्या हातात घेतला.

"भात लाव," तो म्हणाला. "आम्ही येतोय."